हरणांचा कौल

चतुर्थीच्या आदल्या दिवशी साखळीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सगुणचा पाय पडला तो नेमका सुमंगलेच्या हरणांच्या फुलांच्या जुडीवर. गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळाफुलांची माटोळी बांधायची तर ही रानातली पिवळी फुलं हवीतच. हळर्णच्या कातळ सड्यावरून ती खुडून सुमंगला साखळीला आपल्या मावशीकडे विकायला आली होती. भांडायच्या तयारीनं तिनं वर बघितलं, तर हा बाबा गळक्या छत्रीखाली उभा राहून मुळासकट रोप मागतोय!

फुलं सोडून मूळ कशाला, तिनं विचारलं. त्यानं सांगितलं, आमोण्यात घराजवळचा डोंगर खाणीनं पोखरला, त्याबरोबर हरणांची झाडंही गेली. आईची माटोळी पिवळ्या फुलाविना सुनी दिसते, म्हणून परसात लावून बघणार.

“मुळां विकूक नाय,” ती म्हणाली. “व्हयी तर हळर्णाक यो.”

“आणि इलंय तर... कोणाचां घर विचारू?”

“जी नाव सांगणा नाय — तिचां.”

आला की हो! दसरा उलटल्यावर, फुलांची म्हातारी होऊन बी उडायच्या बेतात असताना आला. वारा सुटायच्या आत दोघांनी फडक्यात बी धरलं. एक पांढरा तुरा तिच्या केसांत अडकला. त्यानं हात पुढे केला... आणि मागे घेतला. “आसांदे,” ती हळूच म्हणाली आणि तुरा तसाच राहू दिला.

पुढच्या आषाढात मावशीकडून सगुणचा निरोप आला, रोपं माजलीत पण कळीचा पत्ता नाही. मावशीला घेऊन सुमंगला आमोण्याला गेली, बघते तर काय, वाफ्यात शेणखताचा ढीग! ती हसता हसता खालीच बसली. सड्यावरचं उपाशी झाड ते, त्याला मेजवानी कशाला? दोघांनी मिळून रोपं चिऱ्याच्या मुरमाड मातीत हलवली, शेंडे खुडले. सगुणच्या आईनं, सत्यवतीनं, माजघरातून हे सगळं बघितलं. त्या चतुर्थीला माटोळी पिवळीधमक झाली आणि सत्यवतीनं आपणहून सुमंगलेला मागणी घातली. अट एकच, ग्रामदेवी सातेरीनं कौल द्यायचा.

कौलाला देवीच्या अंगावर पिटकुळीच्या फुलांच्या कळ्या लावतात, सारा गाव जाणतो. पण प्रेमात पडलेल्यांना शहाणपण कुठलं? आपल्या हरणांनीच देवीला विचारूया, असं सगुण म्हणाला आणि सुमंगला मोहरून गेली. देवळात गुरवानं कपाळाला आठी घातली, पण ऐकलं. पाण्यात बुडवून एक पाकळी देवीच्या उजव्या अंगाला लावली, एक डाव्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

एकही पडली नाही. कागदासारख्या पातळ त्या पाकळ्या, ओल्या झाल्या आणि पाषाणाला घट्ट चिकटल्या. दिव्यातलं तेल संपत आलं. सुमंगलेचा जीव टांगणीला लागला. पाकळीचा दोष आहे, पुन्हा कळ्या लावून विचारा, एवढं म्हणायला कुणाला काय लागलं असतं? ती सगुणकडे बघत राहिली. तो मूग गिळून बसला होता.

“देवी बोलली नाय,” सत्यवती उठत म्हणाली. “एकदा इचारल्यार वर्षभर परत इचारूचां नसता.”

वर्षभर! सुमंगलेचे वडील गोकुळदास हळर्णहून होकार ऐकायला आले होते. लग्नाची मुलगी मुक्या कौलावर वर्षभर घरात ठेवून गावाच्या तोंडाला कोण लागणार? बांद्याकडचं एक स्थळ उत्तराची वाट बघत होतं. त्यांना आजच हो कळवतो, असं सांगून ते काठी उचलून देवळाच्या पायऱ्या उतरायला लागले.

सुमंगला वडिलांमागे निघाली, तसा सगुण धावत खांबापाशी आला. डोळे भरलेले, हात जोडलेले. आई मोडून पडली असती, देवीपुढे आपण काय बोलणार, असं काहीबाही पुटपुटत होता. सुमंगलेला त्याची इतकी माया आली की त्याचे डोळे पुसावेत असं वाटलं. तिनं पदर हातात घट्ट धरून ठेवला.

“देवी बोलली नाय, ता माका समाजता,” ती म्हणाली. “ती पाषाणाची. पण तुका तोंड होतां मरे...”

सगुणनं तोंड उघडलं. तेवढ्यात खालून वडिलांनी हाक मारली, आणि ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.