कुंकवाची जागा

"जरा तुमचा मोबाईल इथं धरून बघाल?"

कल्पितानं हाक मारली ती शेजारच्या स्टॉलवर स्टिकर चिकटवायला आलेल्या मुलाला. ओळख ना पाळख. पण वर्सोवा कोळीवाड्याच्या हॉलबाहेर शाळेच्या मुलांचा गलका सुरू झाला होता, आणि तिच्या मोबाईलवर काहीच उमटत नव्हतं.

प्रदर्शनातल्या तिच्या फलकावर पापलेट, बांगडा, मांदेली यांची चित्रं. खाली क्यूआर कोड. मोबाईल धरला की तिची आजी, अंजनाबाई, ताजी मासळी कशी ओळखायची ते सांगणार. जन्मभर बाजारात ओरडलेली आजी आज स्वतःचाच आवाज ऐकायला नवं लुगडं नेसून खुर्चीत बसली होती. आणि कोड मुका.

मुलगा वाकला. बोरीवलीच्या छपाईच्या दुकानातला हर्षद. "कोपऱ्यात हे लाल काय?"

"हळदकुंकू. आजीनं सकाळी फलकाची पूजा केली."

"तरीच. तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात ना, त्यांवरूनच मोबाईलला कळतं की हा कोड आहे. त्यातला एक झाकला गेलाय."

"पुसू...?" विचारलं आणि तिलाच कसंतरी झालं. आजीनं लावलेलं कुंकू, तेही तिच्या देखत.

"नको. शेजारी नवा चिकटवू, गाडीत प्रिंटर आहे. पण आजी त्यालाही लावणार ना?"

"लावणारच."

"मग त्यांच्यासाठी जागा ठेवू. कोड बनवताना माहिती थोडी जादाची भरायची. मधला ठिपका झाकला तरी बाकीच्यावरून मोबाईल जुळवून घेतो. फक्त कोपरे मोकळे हवेत आणि भोवती पांढरी पट्टी."

"सगळ्या गिऱ्हाइकांना एवढं शिकवता?"

"कोणी ऐकतच नाही. तू ऐकतेयस."

तू. तिनं ऐकलं, आणि नेमकं तेव्हाच फलकाकडे बघायला लागली.

नवा कोड लागला. आजी करंडा घेऊन उठली. "कुठं लावू गो?"

"आजी, मधोमध," हर्षद म्हणाला. "कपाळावर लावतात तसं."

आजीनं बोट टेकवलं. कल्पितानं मोबाईल धरला. एक क्षण काहीच नाही... मग हॉलभर आवाज घुमला – "पोरांनो, आधी कल्ले बघा, लाल पायजेत."

आजीनं दचकून पदर तोंडाला लावला. "मी एवढी ओरडते?"

"याहून जास्त," कल्पिता म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मुलं आत घुसली. हर्षद सामान आवरायला लागला. आता जाईल हा – ती उगाच फलकाची कड सरळ करत राहिली.

"कोड अडला तर फोन कर, स्टिकरच्या कडेला माझा नंबर आहे," तो म्हणाला.

"आणि... नाही अडला तर?"

त्याच्या हातातला स्टिकरचा गठ्ठा घसरला. "तर... तरी कर ना. मी वाट बघेन."

"आज संध्याकाळी करते."

तेवढ्यात एका मुलीनं मोबाईल कोडवर धरला आणि आजीचा आवाज पुन्हा घुमला. कल्ले झाले, आता पुढचं: "मग डोळे बघा. चमकत असले की समजायचं."

दोघांनीही पटकन माना खाली घातल्या.