हयातीचा दाखला

सरका जरा आत, वारं लागतंय. अवनी, ती शाल घे अंगावर. सांगतो, पण मधी बोलायचं न्हाय, आन् उद्या हंबीररावाच्या घरी जाऊन कुणी इचारायचं न्हाय. माणूस अजून हाय. इथनं चार गल्ल्या सोडून राहतो. हे मला त्यानं सोता सांगितलंय, आन् उगंच काय तरी रचून सांगणारा माणूस न्हवं तो.

हंबीरराव आन् मी एकाच साखर कारखान्यात हुतो. तो टाइम ऑफिसला, मी स्टोअरला. एकाच साली रिटायर झालो. आमची पेन्शन ती केवढी, गोळ्या-औषधं आन् गॅसची टाकी एवढ्यातच सरती. मला शेत तरी हुतं. हंबीररावाला घरात बसून दिवस जाईना आन् पेन्शनीत महिना जाईना. आधी त्यानं एका मंगल कार्यालयात काम धरलं, भांडी मोजून द्यायची आन् मोजून घ्यायची. लग्नसराई संपली, काम संपलं. मग एका क्लासच्या दारात हजेरी घेत बसला. तिथली पोरं वॉचमन समजून त्याच्या हातात गाडीच्या चाव्या द्यायची. ते त्याला लागलं. शेवटी सुनेनं डोकं चालवलं आन् त्याला अंगठ्याचं मशीन आणून दिलं, मोबाइलला जोडायचं.

तुम्हाला ठाऊक नसंल, पेन्शनवाल्याला दर नोव्हेंबरात आपण जित्तं हाय हे कळवावं लागतंय. हयातीचा दाखला म्हणत्यात त्याला. मशीनवर अंगठा ठेवायचा. हिरवा दिवा लागला की पुढचं वर्सभर तुम्ही जिवंत. ज्यांना जिना उतरवत न्हाय त्यांच्या घरी जाऊन हंबीरराव अंगठा घ्यायचा. म्हातारी माणसं चहा पाजायची, जाऊ द्यायची न्हाइत, मुलांचे फोटो दाखवायची. मला म्हणायचा, बत्तीस वर्सं नोकरी केली तिथं कुणी बस म्हणलं न्हाय, आता दारोदारी बसा म्हणत्यात. खूश हुता गडी. दोन नोव्हेंबर असे गेले.

तिसरा म्हणजे दोन हजार चोवीसचा. एकोणतीस तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी अमुशा, आन् दाखल्याची शेवटची तारीख बी दुसऱ्याच दिवशी.

चार वाजता त्याला फोन आला. आवाज म्हाताऱ्याचा, लांबनं आल्यासारखा. गणपतराव बोलतोय म्हणला. शाहूपुरीत ऑइल इंजिनच्या पार्टचं दुकान हाय, त्याच्या वर राहतो. जन्मभर फाउंड्रीत साचे भरले, बोटावर रेघ म्हणून राहिली न्हाय. गेल्या साली एका बी मशीननं अंगठा घेतला न्हाय, तवापासनं पेन्शन अडकल्या. नातीच्या कॉलेजची फी त्या पेन्शनीवर हाय. ऑफिसला खेपा घातल्या, आता हिंडवत न्हाय. आधारचा आन् पेन्शनचा नंबर बी फोनवरच सांगितला.

हंबीररावानं सांगितलं, उद्या सकाळी येतो, तुमचंच घर पहिलं.

पलीकडनं आवाज आला, "उद्या मला जमायचं न्हाय. आज या."

म्हातारा माणूस, इतकं म्हणतोय म्हणून हंबीररावानं ठरलेली दोन घरं केली आन् साडेसातला शाहूपुरीत पोचला. रात्र अशी काय झालेली न्हवती. दुकानं उघडी, गाड्यांचे हॉर्न, वडापावच्या गाड्यावर गर्दी. दुकानाच्या बाजूनं लोखंडी जिना हुता, वर एकच दार. नातीनं उघडलं. राजनंदिनी तिचं नाव. एकोणीस-वीस वर्साची, नर्सिंग शिकत हुती. आई-बाप लहानपणीच गेलेले, आजा आन् ती, घरात दोघंच. हंबीररावानं मशीन दाखवलं, दाखल्यासाठी आलोय म्हणला.

"कुणी बोलावलं तुम्हाला?"

"तुझ्या आजोबांनीच की. फोन आलता."

"कवा?"

"चारला."

पोरगी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. डोळे सुजलेले हुते तिचे. मग बाजूला झाली.

आतल्या खोलीत झीरोचा बल्ब. खाटेवर गणपतराव, छातीपर्यंत चादर, डोळे मिटलेले. नोव्हेंबरातली थंडी, तरी पंखा फुल्ल सोडलेला. हंबीररावानं इचारलं, झोपलेत व्हय? ती म्हणली, बरं न्हाय त्यांना, असंच घ्या. पाणी आणते म्हणून बाहेर गेली, ती आलीच न्हाय. पण दाराच्या पडद्याखालनं तिची पावलं दिसत हुती. तिथंच उभी हुती ती.

हंबीरराव खुर्ची ओढून बसला. गणपतराव, म्हणून हाक मारली. मग सोताच चादरीतनं त्यांचा हात बाहेर काढला.

गार.

म्हाताऱ्या माणसांचे हात गारच असत्यात, मनाशी म्हणला. अंगठा मशीनवर टेकवला. लाल दिवा. रुमालानं पुसला, परत टेकवला. लाल. हात जड लागत हुता. कोपरात वाकत न्हवता...

मला सांगताना इथं थांबला हंबीरराव. मग म्हणला, "सयाजी, मला तवाच कळलंतं. पण मला उठवेना."

उठला न्हाय. फोनवरचा आवाज त्याच्या कानात बसला हुता. तिसऱ्यांदा त्यानं तो अंगठा मशीनवर ठेवला, आन् वरनं सोताच्या अंगठ्यानं दाबून धरला.

लाल न्हाय. हिरवा न्हाय.

पंखा थांबला.

खालचा रस्ता... हॉर्न, माणसं... काय बी ऐकू येईना.

आन् खाटेवरची बोटं मिटायला लागली. हळू. एकेक करून. हंबीररावाच्या अंगठ्यावर.

त्यानं हात ओढला. सुटेना. दुखत न्हवतं, निस्तं गार. अंगठ्यातनं मनगटात. मनगटातनं खांद्यापर्यंत. पोरीला हाक मारायला तोंड उघडलं... आवाजच न्हाय. पडद्याखाली पावलं तशीच. हलत न्हवती.

"जरा थांबा."

तोच आवाज. फोनवरचा.

ओठ हलले का... त्यानं बघितलं न्हाय. मशीनकडंच बघत राहिला.

किती वेळ, ठाऊक न्हाय.

...

हिरवा.

बोटं सुटली. पंखा फिरायला लागला. खालनं कुणी तरी कुणाला तरी शिवी देत हुतं, ती ऐकू आली. हंबीररावानं मशीन खिशात कोंबलं आन् निघाला. पोरगी दारात काय तरी म्हणली, त्यानं ऐकलं न्हाय. जिना कसा उतरला त्याला सांगता येत न्हाय. खाली उजेडात येऊन मोबाइल बघितला. दाखला झाला हुता. गणपतरावांचं नाव, तारीख, आन् वेळ सात वाजून बावन्न मिनिटं.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला न्हाय. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडं गेला, तर जिन्याखाली माणसं उभी आन् रस्त्याच्या कडेला तिरडी बांधायचं चाललेलं. दुकानदारानं सांगितलं, सकाळी डॉक्टर येऊन गेले, ते म्हणले काल दुपारीच गेलेत, बारा-एकच्या सुमाराला. पोरीला वाटलं आजोबा झोपलेत.

हंबीरराव स्मशानापर्यंत गेला. मागं मागंच राहिला.

पुढं दोनदा तो पेन्शनच्या ऑफिसच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला. सांगायचं काय, आन् कुणाला? मेलेल्या माणसाला आपण जित्ता म्हणून लिहून दिला, हे तर खरंच. आन् गेलं वर्सभर तो म्हातारा जित्ता असून कुणी त्याला जित्ता मानला न्हाय, हे बी खरं. महिन्याभरात ती वर्सभराची अडकलेली पेन्शन नातीच्या नावावर सुटली. पोरगी कॉलेजला जात राहिली.

तेरावं झाल्यावर ती हंबीररावाच्या घरी आली. सून पाणी आणायला आत गेली तेवढ्यात बोलली.

"काका, मला दुपारीच कळलंतं. नाडी मीच बघितली. कुणाला हाक मारायचं बळ न्हवतं, तशीच बसून राहिले. आन् तुम्ही आला, आजोबांनी बोलावलं म्हणला. मग मी दार कसं लावू?"

हंबीररावानं इचारलं, पण मग फोन?

"चारला त्यांचा मोबाइल माझ्या हातात हुता, काका. बंद हुता."

ती पाणी पिऊन गेली.

हंबीररावानं मशीन सुनेला परत दिलं. आता सकाळी एका डेअरीच्या दुकानात दोन तास बसतो. गेल्या नोव्हेंबरात त्याचा सोताचा दाखला काढायचा हुता, म्हणून सेंटरला गेला. उजवा अंगठा ठेवला. लाल. तिथल्या बाईनं दुसरं मशीन आणलं. लाल. मग तिनं त्याचा हात ट्यूबखाली धरला आन् इचारलं, काका, हे कशानं झालं?

डॉक्टरला दाखवलं. भाजलेलं न्हाय, सोललेलं न्हाय, कातडी चांगली हाय म्हणले. बाकीच्या नऊ बोटांच्या रेघा जशाच्या तशा. परवा पारावर उन्हात बसलो हुतो, तवा त्यानं तो अंगठा माझ्या हातात दिला. मी बोट फिरवून बघितलं.

एक रेघ न्हाय त्याच्यावर.