अर्ध्या पिशव्यांचं पाणी

चारशे लिटर पाण्याचं वजन चारशे किलो. एवढं वजन आपली छोटी मोटरबोट सहज पेलते, हे वामनआजोबांनी स्वतःच तपासलं होतं. त्यांची सगळी हयात जहाजांचे आराखडे करण्यात गेली होती. मग खाडीच्या शांत पाण्यात काल ती बोट कलंडली कशी? सकाळपासून ते याच कोड्यात अडकले होते, चहासुद्धा निवून गेला होता.

समोर पाटावर कानू उघडा पडला होता. कानू म्हणजे बोट चालवणारा यंत्रमानव. खारं पाणी आत गेल्याने त्याची वाचा बंद झाली होती. आजोबा त्याचा एकेक भाग पुसत होते आणि बारा वर्षांच्या नातीला, शर्वाणीला, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तिची मैत्रीण नसीमा वेकबोर्डिंग करायची (पायांना फळी अडकवून, धावत्या बोटीचा दोर धरून तिच्या मागच्या लाटेवर उड्या मारण्याचा खेळ). स्पर्धा तोंडावर आली होती आणि लाट काही मनासारखी उठत नव्हती. बोट जितकी जड, तितकी ती पाण्यात खोल बसते आणि तितकं जास्त पाणी बाजूला सारते. ते पाणी परत मिळताना मागे लाट उंच होते. म्हणून बोटीत बॅलास्ट भरतात (बोट खोल बसावी म्हणून मुद्दाम घातलेलं वजन). त्यासाठी आजोबांनी रबरी पिशव्या केल्या होत्या, बोटीच्या रुंदीभर गादीसारख्या पसरणाऱ्या. पंपाने खाडीचंच पाणी भरायचं आणि खेळ संपला की सोडून द्यायचं.

पिशवी दोनशे लिटरची. शर्वाणीने चार पिशव्या अर्ध्या-अर्ध्या भरल्या. पिशवी भरायची तर गच्च, नाहीतर रिकामी ठेवायची, असं कानू सांगत होता. पण काठावर पोरी बघत होत्या, आणि यंत्राकडून शिकायला ती काय कच्ची होती? तिने त्याचा आवाजच बंद केला.

लाट झकास उठली. नसीमा उडी मारून पाण्यात पडली, तिला घ्यायला कानूने बोट हळूच वळवली, शर्वाणी बोटीच्या कडेवरून वाकली आणि बोट त्या बाजूला झुकली ती झुकतच गेली. भसाभस पाणी आत आलं. पोहत किनारा गाठताना नसीमाचा पाय कालवांच्या शिंपल्यांनी भरलेल्या खडकावर चिरला आणि त्याला टाके पडले. स्पर्धा हुकली. घरी आल्यावर शर्वाणी आजोबांना म्हणाली, कानूने बोट फार जोरात वळवली. नसीमा तेव्हा शेजारीच होती. ती काही बोलली नाही.

आता आजोबांनी नसीमाच्या आईला फोन लावला.

"जुलेखा, चूक माझी आहे. यंत्र मी केलं, गणितही माझंच. कानूला मी यापुढे बोटीवर ठेवणार नाही. पोरीची माफी मागतो म्हणून सांग."

 आजोबांना असं कुणासमोर नमताना शर्वाणीने कधी ऐकलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन ठेवून त्यांनी भाग धुवायला परातीत गोडं पाणी मागितलं. शर्वाणीने अर्धी परात भरून उचलली. उंबऱ्यापाशी परात जराशी कलली, तसं सगळं पाणी त्याच बाजूला धावलं, ती बाजू आणखी जड झाली, आणखी खाली गेली आणि पाणी तिच्या पायांवर सांडलं. ती तिथेच थबकली. बोटीतल्या चार पिशव्यांत हेच झालं होतं. गच्च पिशवीत पाण्याला हलायला जागाच नसते. पंपावरचा मीटर फक्त एकूण पाणी दाखवतो, म्हणून आजोबांचं कोडं सुटत नव्हतं. ते तिच्याशिवाय कुणालाच सुटणार नव्हतं.

"आजोबा, कानू चुकला नाही," ती म्हणाली. "तुम्हीही नाही." आणि मान खाली घालून तिने सगळं सांगितलं, आवाज बंद केल्याचं आणि खोटं बोलल्याचंसुद्धा.

आजोबा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, की वजन किती यापेक्षा ते जागेवर राहतं की नाही, हे महत्त्वाचं. बोट झुकली की मोकळं पाणी खालच्या बाजूला जातं, त्याबरोबर बोटीचा गुरुत्वमध्यही सरकतो (ज्या बिंदूत सगळं वजन एकवटलंय असं मानतात तो), आणि बोट सावरायचं विसरते. मोठमोठी जहाजंही यानेच बुडाली आहेत.

मग ते म्हणाले, "मला सांगितलंस. आता जिला लागलंय तिला सांग."

नसीमाच्या घरापर्यंतची वाट एरवी केवढीशी, आज संपेना. पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून नसीमा बसली होती आणि जुलेखाबी शेजारीच मासे साफ करत होत्या. शर्वाणीने दोघींसमोर सांगून टाकलं. 

"आवाज बंद करताना मी बघितलं होतं तुला," नसीमा म्हणाली. "रात्रभर वाट बघितली, तू येशील म्हणून."

शर्वाणीला रडू फुटलं. नसीमाने तिला रडू दिलं. मग तिने विचारलं, की दोनशे लिटरची एकच गच्च पिशवी ठेवली तर लाट किती उंच उठेल.

"थोडी कमी," शर्वाणी डोळे पुसत म्हणाली. "पण बोट सरळ राहील."

"चालेल. टाके निघाले की जाऊ," नसीमा म्हणाली. "पिशवी तूच भर."