चकितांक चारच्या खाली

प्रयोगशाळेतली काकडी कुणालाच कधी चकित करत नाही. एवढी साधी गोष्ट डॉ. नीलांबरी चौगुले यांच्या ध्यानात यायला एक कप चहा आणि चमचाभर मीठ लागलं.

कोल्हापूरच्या बाहेर, पन्हाळ्याच्या रस्त्याला सवय-संशोधन केंद्र होतं. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोटं स्वयंपाकघर होतं. शेगड्या खऱ्या, नळ खरे, काकड्याही खऱ्या. खोटं एवढंच, की तिथं कुणी राहत नव्हतं. तीस स्वयंसेवकांनी तिथं महिनाभर काकड्या चिरल्या, भांडी घासली, आणि त्यांच्या कानामागच्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या मण्यानं त्यांचा मेंदू टिपून घेतला. त्या मण्याचं नाव सवयसारथी.

"यादी बाद," डॉ. यास्मिन मुजावर म्हणाली. मणी नीलांबरीचा, त्यातलं गणित यास्मिनचं. "कुठली कामं सारथीकडं द्यायची, ते माणसानं लिहून द्यायचं नाही. तू काय लिहिलंस? दूध तापवणे. काल चाचणीत सारथीनं तुझ्या हातून दहा मिनिटं दूध तापवलं. पातेल्यात दूध नव्हतं."

नीलांबरी हसली नाही. तिला वेळ नव्हता. गेली अकरा वर्षं नव्हता. म्हणून तर हा मणी. तिचं म्हणणं सरळ होतं: माणसाचं मन दिवसातले नऊ तास धड जागं राहतं, पुढं नुसतं रेटणं. त्या नवातले चार तास आंघोळ, कणीक, कुकर आणि 'आई, हे बघ ना' यांत जातात. तेवढा वेळ मन निजवायचं आणि शरीर सवयीवर चालवायचं. मन ताजं राहतं, ते कामाला लावायचं.

"मग सारथीला कळणार कसं, कधी लगाम घ्यायचा?"

"मेंदूलाच विचारायचं. जिना उतरताना पुढची पायरी कुठं आहे, ते पायाला आधीच माहीत असतं की नाही? मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधतो. अंदाज बरोबर आला की तो क्षण टाकून देतो. चुकला की खडबडून जागा होतो. किती चुकला, त्याला मी आकडा दिलाय. चकितांक. शून्य ते दहा. चारच्या खाली गेला की सारथी लगाम घेणार, वर गेला की तुला परत देणार."

"काकडीचा किती?"

"दीड."

"झालं तर," नीलांबरी म्हणाली. "घर सगळं चारच्या खाली. ऑफिस सगळं वर."

सरकारी परवान्याची अट अशी होती, की जिनं मणी बनवला तिनंच तो आधी वापरावा. सोमवारी लावायचा, तिसऱ्या शुक्रवारी निवड समितीसमोर निवेदन करायचं. मध्ये एकदाही काढायचा नाही. समितीचं समाधान झालं, की परवाना मिळणार आणि रिकामी पडलेली संचालकाची खुर्चीही. मणी काढला, तर दोन्ही गेलं.

चकितांक ८

सोमवारी सकाळी सात वाजता तिनं मणी लावला आणि थेट साडेदहाच्या बैठकीत जाग येणार म्हणून डोळे मिटले. उघडले तेव्हा सात वाजून दोन मिनिटं झाली होती. ती स्वयंपाकघरातच होती आणि समोर इंद्रजित, तिचा नवरा, तव्यावर थालीपीठ थापत होता.

"अहो, मिशी?"

"काय झालं मिशीला?"

"कुठंय?"

"गणपतीत काढली," इंद्रजित म्हणाला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, घाई नावाची चीज त्याला ठाऊक नव्हती. भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबर दाखवत होतं. "आभारी आहे. अजून दोन महिने गेले असते तर परत वाढवणार होतो."

टेबलाशी बसलेली आठ वर्षांची ओवी फिदीफिदी हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. हेही नवीनच. नीलांबरी थालीपीठ खात राहिली आणि वाट बघत राहिली, की आता सारथी येईल, मग येईल. आला नाही. साडेदहाला ती बैठकीत पोचली. उपसंचालक दाभोळे घसा खाकरून म्हणाले, "आपण सगळे जमलोच आहोत, तर"

(सोमवार, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा: सारथी. या वेळात काय घडलं ते नीलांबरीला माहीत नाही, म्हणून ते इथंही नाही.)

कोथिंबीर. हातात कोथिंबिरीची जुडी, आणि एका देठावर हिरवी अळी मान वर करून बसलेली. चकितांक ७. नीलांबरी किंचाळली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण घरी आहोत, दिवस संपलाय आणि आपण जराही दमलेलो नाही.

मंगळवार तसाच. बुधवारी

चकितांक ९

तोंडातला चहा तिनं फुर्रकन टेबलावर उडवला.

"आलीस?" यास्मिन म्हणाली. "बस. मीठ घातलंय. ऑफिसात तुला गाठायला दुसरा उपाय नव्हता. आधीच्या दोन कपांत साखर तिप्पट घातली, तरी तू हूं की चूं केलं नाहीस."

"यास्मिन, मणी उलटा चाललाय!"

"सुलटा चाललाय. हे बघ तुझे आकडे. दाभोळ्यांची बैठक: एक पूर्णांक दोन. काकडीपेक्षा कमी. तुझा अहवाल: दोन. नवऱ्याची मिशी: आठ."

"पण स्वयंसेवकांचं स्वयंपाकघर..."

"त्या स्वयंपाकघरात नवरा नव्हता, पोर नव्हती, सासरा नव्हता. अळीसुद्धा आपण औषध मारून काढली होती. आपण घर मोजलंच नाही, चौगुले बाई. आपण काकडी मोजली."

नीलांबरीनं कप दूर सारला. मग तिनं हळूच विचारलं, "माझी कामं?"

"वेळेवर होतायत. कुणाला काही कळलेलं नाही. उलट दाभोळे म्हणाले, बाई हल्ली छान ऐकून घेतात."

आता मात्र नीलांबरीला हसू आलं. खारट हसू. पण यास्मिन हसत नव्हती.

"पुढचं ऐक. घर तुला नवं आहे, कारण अकरा वर्षं तू तिथं नव्हतीस. तुझ्याकडं घराचे अंदाजच नाहीत. आता तू रोज जागी आहेस, म्हणजे घर पाठ होत जाणार. पंधरवड्यात तेही चारच्या खाली. ऑफिस आधीच खाली. मग तू कुठंच जागी नसशील. मणी काढायचा तर"

(बुधवार, सव्वाअकरा ते सहा: सारथी. मिठाची चव गेली होती.)

चकितांक ६. ५. ४ पूर्णांक ६.

पहिला आठवडा झकास गेला. दिवसभर निजलेलं मन घरी येताना कसं टवटवीत असायचं. ओवी भाकरी कडेकडेनं खाते आणि मधला फुगलेला पापुद्रा शेवटाला राखते. इंद्रजित कांदा चिरताना शीळ घालतो, म्हणजे रडू येत नाही असा त्याचा समज आहे. हे सगळं तिनं लेकराच्या कुतूहलानं बघितलं.

दुसऱ्या आठवड्यात, मण्याचे आकडे दाखवणाऱ्या मनगटावरच्या काचेत चकितांक उतरू लागला. आधी सकाळचा चहा गेला. मग नाश्त्याचे पोहे. इंद्रजितला तिनं सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं मंगळवारी डोक्याला फेटा बांधून पोहे केले. चकितांक ६. बुधवारी तोच फेटा: ३.

"उद्या धोतर नेसू?" ती जागी झाल्यावर त्यानं विचारलं. पण त्याच्याही आवाजात काळजी होती.

गुरुवारी सकाळी ती ओवीची वेणी घालत होती. ओवी काहीतरी सांगत होती, वर्गातल्या कासवाबद्दल. एक पेड, दुसरा पेड, तिसरा

(गुरुवार, सात चाळीस ते सात पंचावन्न: सारथी.)

खुर्ची रिकामी होती. कंगव्यात दोन केस होते. ओवी शाळेत गेली होती, कासवाचं काय झालं ते सांगून गेली होती, आणि नीलांबरीनं बहुधा 'हो का गं' असं म्हटलंही होतं. घरात अकरा वर्षं असंच म्हणत आली होती. फरक एवढाच, की आता त्यानं डोळ्यांत पाणी आलं.

मणी काढायला तिनं कानामागं हात नेला. आठच दिवस उरले होते.

"पोरी, जरा इकडं ये," मोरीतून आबांची हाक आली. आबा तिचे सासरे. चाळीस वर्षं पाणीपुरवठ्यात फिटर होते. निवृत्त झाले, तरी रोज नळाला कान लावायचे. "ह्या पाइपाला कान लाव. काय ऐकू येतंय?"

"पाणी."

"आन् काय?"

"पाणीच, आबा."

"चाळीस वर्सं ऐकतोय, मला अजून कळंना झालंय. तुला दोन आठवड्यांत पाठ झालं? लई हुशार हायस!" आबा मिस्कील हसले. "टाकी किती भरली, ते सांग."

तिनं कान लावला. "पाऊण?"

आबांनी पाइपावर टिचकी मारली. "निम्मी. वर हवा कोंडलीया, म्हणून भरल्यावानी वाजतंय."

मनगटावर आकडा उमटला: ५ पूर्णांक ८. नीलांबरीनं तो तीनदा वाचला आणि यास्मिनला फोन लावला.

"साधं आहे," थोडा वेळ गणित करून यास्मिन म्हणाली. "नळ सोडला की पाणी येईल, हा जाड अंदाज. तो चुकत नाही, म्हणून झोप लागते. बारीक अंदाज बांधलास, की चुकायला जागा होते."

"म्हणजे जितकी जास्त ओळख, तितकं जास्त चकित?"

"गणित तेच म्हणतंय. मी ह्याच्या नेमकं उलटं भाकीत केलं होतं, त्यामुळं मला ते आवडलेलं नाही. पण बरोबर आहे."

चकितांक ५. ६. ६ पूर्णांक ३.

शेवटच्या आठवड्यात चौगुल्यांच्या घरात पैजा लागू लागल्या. पोळी कुठल्या बाजूनं फुगेल? इंद्रजितची शीळ कितव्या कांद्याला थांबेल? आज कासव पालक खाईल का? (कासव जिवंत होतं. ओवीनं सगळं पुन्हा सांगितलं, आणि पहिल्या खेपेला न सांगितलेलंही सांगितलं.) नीलांबरी निम्म्या पैजा हरायची. शुक्रवारी सकाळी तिनं ओवीची वेणी घातली, तिन्ही पेड, शेवटच्या रिबिनीपर्यंत. मग ठेवणीतली इरकल नेसून ती निवड समितीसमोर गेली. अध्यक्षांनी चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाले, "डॉ. चौगुले,"

(शुक्रवार, अकरा ते साडेपाच: सारथी.)

जिलबी. गरम जिलबी तोंडात, आणि ती भरवणारा आबांचा हात.

"संचालक झालीस की गं!"

"कोण?"

"आता काय म्हणावं हिला! आल्यापास्नं पाच जणांचं अभिनंदन घिऊन झालं की तुझं."

तिनं यास्मिनला फोन लावला. पलीकडं यास्मिनला हसू आवरत नव्हतं.

"परवाना मिळाला. खुर्ची मिळाली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि त्या क्षणी तुझा चकितांक किती होता, माहितीय? शून्य पूर्णांक चार. एवढा खाली आजवर कुणाचाच गेला नव्हता. काकडीवाल्यांचासुद्धा नाही."

"पण मी अकरा वर्षं त्या क्षणाची..."

"तेच तर. अकरा वर्षं तू तो रोज आंघोळ करताना जगलीस. सगळा पाठ होता. मेंदूनं टाकून दिला."

"मी बोलले काय?"

"जे आरशासमोर बोलायचीस तेच. छान बोललीस हो."

वाईट वाटेल, असं नीलांबरीला वाटलं होतं. तो अंदाजही चुकला. तिला सकाळची वेणी आठवली, रिबिनीची गाठ आठवली, आणि पोट धरधरून हसू आलं. हसता हसता तिनं कानामागचा मणी काढला आणि मिठाच्या बरणीशेजारी ठेवला.

"सोमवारी पहिलं काम," ती फोनमध्ये म्हणाली, "खोटं स्वयंपाकघर बंद. मोजमाप पुन्हा, खऱ्या घरांत. ते होईस्तोवर हा मणी कुणाच्या कानाला लागणार नाही."

"आणि दाभोळ्यांच्या बैठका? आता तुला जागं बसावं लागणार."

"बसेन की. दाभोळे घसा किती वेळा खाकरतात, ते कधी नीट ऐकलंयस?"

मोरीत आबांनी पाइपावर टिचकी मारली. ओवी आधीच तिथं कान लावून बसली होती. नीलांबरी तिच्याशेजारी उकिडवी बसली आणि गार पाइपाला गाल टेकला. आत कुठंतरी पाणी चढत होतं.

"पाऊण," ती ठासून म्हणाली. "हवा धरून."

"चूक!" आबा आणि ओवी एकदमच ओरडले.