खडूने आखलेली गाडी

सुरुवात अगदी साधी आहे. एका दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून जाड पांढऱ्या खडूंची अख्खी पेटी आणली. दुकानदाराने विचारलं, "शाळा काढताय की काय?" मी म्हटलं, "नाही, गाडी काढतेय." तो हसला, मीही हसले. पुढे काय वाढून ठेवलंय, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

परदेशातून शिकून परत येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. लहान मुलं कशी शिकतात, हाच माझा सहा वर्षांचा अभ्यास. तो कधी एकदा कामी लावते, असं मला झालं होतं. हाताशी होती ती ताईची मुलं. थोरला सहा वर्षांचा. प्रत्येक गोष्टीवर 'पण का?' म्हणतो म्हणून घरात त्याला वकील म्हणतात. धाकटी चार वर्षांची. भिंतीच्या कडेकडेने चालते आणि कुठूनही कुठेही शिरते म्हणून ती मुंगी. या दोघांना घेऊन बावीस दिवस कॅरॅव्हानने, म्हणजे चाकांवरच्या घरातून, फिरायचं, असं मी ठरवलं. रोज चार तासांपेक्षा जास्त प्रवास नाही. दर दीड तासाला थांबा. मुलांना आपला मुलूख पुस्तकातून नाही, पायाखालून कळला पाहिजे, असं मी रोज जेवताना सगळ्यांना ऐकवायचे.

"बावीस दिवस!" भाऊजी म्हणाले. "अगं, ही दोघं दातांच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत दहा वेळा 'आलं का?' विचारतात."

ताई भांडी पुसत होती. ती शांतपणे म्हणाली, "मी येतेय ती तुझ्या भरवशावर. माझ्या पोरांना ओरखडासुद्धा उठता कामा नये."

"नाही उठणार," मी म्हटलं. किती सहज म्हटलं मी ते!

कॅरॅव्हान आम्हाला मिळाली ती एका सुताराच्या घरची. गाडीमागे जोडायची, आतून सगळी लाकडी. सुताराने ती आपल्या बायकामुलांसाठी स्वतःच्या हातांनी बांधली होती. तो जाऊन तीन वर्षं झाली होती. ती विकत होती त्याची बायको, सत्तरीच्या पुढच्या आजी. चाकं बदलायला गाडी मेकॅनिककडे गेली होती आणि ती महिनाभर तरी यायची नव्हती. तोवर मी हात बांधून बसणार थोडीच? आजींनी नवऱ्याच्या वहीतून मापं वाचून फोनवर सांगितली. मी ती लिहून घेतली आणि आमच्या गच्चीवर ती गाडी खऱ्या मापाने खडूने आखली. पुढच्या बाजूला दार. दाराला लागून शेगडीचा ओटा. मध्ये टेबल. मागे मुलांची झोपायची फळी आणि तिच्यामागे भिंत.

मुलांना सांगून कळत नाही, करून कळतं, यावर माझा गाढ विश्वास. रोज पाच वाजता आम्ही पाचही जण त्या खडूच्या गाडीत. रेषेवर पाय द्यायचा नाही. आत-बाहेर फक्त दारातून. आणि मी "आग!" म्हटलं की दहा आकडे होईपर्यंत सगळे दाराबाहेर.

वकिलाने हे चार दिवसांत पक्कं केलं. "एक, दोन, तीन..." मोजत तो असा सुटायचा की शेजारच्या गच्चीवरचे लोक टाळ्या वाजवायचे. भाऊजींना मात्र शिस्त नव्हती. "माझी जागा कुठंय तुझ्या आराखड्यात? मोरीत?" म्हणून ते रेषेवर बसायचे.

आणि मुंगी... मुंगी दाराकडे यायचीच नाही.

मी "आग!" म्हटलं की ती मागे जायची, फळीच्या जागेखालून सरपटायची आणि मागच्या भिंतीच्या रेषेतून बाहेर पडायची. रोज त्याच जागेवरून.

"मुंगे, दार कुठंय आपलं?"

"ते तुमचं. हे माझं."

"तिथे भिंत आहे, बाळा."

"नाहीये. आजोबांनी छोटं दार केलंय. ते धरून बसलेत."

"कुठले आजोबा?"

"ते, ज्यांना लाकडाचा वास येतो."

"भाडं द्या म्हणावं त्यांना," भाऊजी म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मुंगी हसली नाही. त्या संध्याकाळी गच्चीवर वारा नव्हता. सगळे खाली गेल्यावर मी एकटी पुसट झालेल्या रेषा परत ओढत बसले होते. मागच्या भिंतीपाशी आले तेव्हा वास आला. नुकता रंधा मारलेल्या लाकडाचा, गोडसर, कोरडा वास. आसपास कुठे सुतारकाम चाललेलं नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि ऐकत राहिले. टक... टक... टक. अगदी हळू. कुणीतरी बोटाच्या पेराने पोकळ जागा शोधत असावं, तसा आवाज. मी मान वर केली आणि तो थांबला.

मला वाटलं, पाण्याची टाकी असेल.

मग माझ्या हातून चूक झाली. चुकीची सवय वेळीच मोडावी, असं मी शिकले होते. मुंगी जिथून बाहेर पडायची, त्या रेषेवर मी विटांची रांग लावली. दुसऱ्या दिवशी विटा बाजूला रचलेल्या होत्या, एकावर एक, कोपऱ्याला कोपरा लावून. चार वर्षांच्या पोरीला वीट उचलत नाही. मी भाऊजींवर चिडले. ते म्हणाले, "माझी कंबर बघितलीस का? वीट उचलली तर मलाच उचलावं लागेल." मी पुन्हा विटा लावल्या. पुन्हा त्या निघाल्या. शेवटी मी मुंगीला जवळ बसवून ठामपणे सांगितलं की असं दार नसतं, आजोबा नाहीत, खोटं बोलू नये. तिने मान हलवली. पण जाताना त्या रेषेकडे बघून ती हळूच म्हणाली, "मावशीला माहीत नाही हं. रागावू नका."

महिन्याने खरी गाडी आली आणि अंगणात उभी राहिली. माझी मापं बोटभरही चुकली नव्हती. मी सगळ्यात आधी मागची भिंत पाहिली. सलग फळी, वरून जाड हिरवा रंग. दार नव्हतं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

पहिल्या रविवारी रंगीत तालीम. आत जेवायचं, दुपारी आतच झोपायचं. ताई घरात सामानाची यादी करत होती. मी आणि दोन्ही मुलं मागे फळीवर आडवे झालो. भाऊजींनी चहाचं आधण शेगडीवर चढवलं आणि दूध आणायला ते घराकडे गेले. खिडकीतून ऊन येत होतं. डोळा कधी लागला, कळलं नाही.

जाग आली ती घशात काहीतरी अडकल्यासारखं होऊन. पुढचं काहीच दिसत नव्हतं. पडदा पेटला होता, पडद्याने ओटा धरला होता आणि ओट्याने दार. जुनं, वाळलेलं लाकूड... आवाज असा की पाऊस पडतोय.

आणि त्या आवाजातून मला ऐकू आलं, "एक... दोन... तीन..."

वकील दाराकडे निघाला होता. डोळे मिटून, छाती काढून, मी शिकवलं होतं अगदी तसा. सरळ आगीत.

मी झेप घेऊन त्याचा सदरा धरला. तो माझ्या हातातून सुटायला धडपडत होता. "मावशी, सोड! दहा व्हायच्या आत जायचं असतं!" मी त्याला ओढत मागे आणलं. खिडकी बसकी, एका काचेची, न उघडणारी. मी तिच्यावर कोपर मारलं. काही झालं नाही. मुंगीला हाक मारायला तोंड उघडलं आणि धूर आत गेला.

"मावशी... इकडे."

आवाज फळीखालून आला. मी खाली वाकले. तिथे उजेड होता. भिंतीत चौकोनी भोक, हातभर रुंद, आणि पलीकडे अंगणातलं ऊन. मुंगी अर्धी बाहेर होती. मी वकिलाला तिच्यामागून ढकललं. मग मी शिरले आणि खांद्यापाशी अडकले. मागून उष्णता पायांना लागत होती. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी माझं मनगट धरलं. खरखरीत हात, अंगठ्याला जुना घट्टा. एकच हिसका... आणि मी गवतावर होते.

भाऊजींनीच ओढलं, असं मी धरून चालले. पण भाऊजी पुढच्या बाजूला होते. दार उघडायला गेले आणि दोन्ही तळवे भाजून घेऊन आमच्या नावाने ओरडत होते. मागे कुणीच नव्हतं. फक्त तो वास... राखेच्या, धुराच्या वासातही वेगळा कळणारा.

ताई आली. तिने एकेका मुलाला उलटंसुलटं करून पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तिने मला घट्ट धरलं आणि ती रडली. तो दिवस आठवला की आजही मी आधी हात जोडते, मग पुढचं बोलते.

दुसऱ्या दिवशी मी आजींकडे गेले. गाडी जळाल्याचं सांगितलं आणि त्या भोकाचं विचारलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई! ते सांगायचंच राहिलं. आमची मुलं लहान होती ना, तेव्हा त्याने ते केलं होतं. म्हणायचा, शेगडी दारापाशी आहे, मुलांना दुसरी वाट हवी. मुलं मोठी झाल्यावर वारा येतो म्हणून बंद केलं. वरून रंगही दिला. वहीत ते नाही लिहिलेलं. तो असता तर पहिलं तेच सांगितलं असतं त्याने."

"बंद कसं केलं होतं, आजी?"

"आतून आठ स्क्रू."

भाऊजींना ते आठ स्क्रू सापडले होते. बाहेर, कुंपणाच्या दगडावर. आठही डोक्यावर उभे केलेले, एका ओळीत. मी हे आजींना सांगितलं. पदराने डोळे टिपत त्या म्हणाल्या, "तसेच ठेवायचा. आडवा स्क्रू घरंगळतो म्हणायचा."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांच्या आणि भिंतीवरच्या तसबिरीच्याही. घरी येऊन मुंगीची माफी मागितली. ती म्हणाली, "आजोबा गेले आता. त्यांचं झालं काम."

प्रवास रद्द, असं मी जाहीर केलं. मला माझ्याच शिक्षणाची भीती वाटायला लागली होती. आश्चर्य म्हणजे ताईनेच तो विषय पुन्हा काढला. "दोघं जीव वाचवून आलीत. आता त्यांना घाबरून जगायला नाही शिकवायचं. फक्त या वेळी दुसरी गाडी नीट पारखून घे." मी कृतज्ञतेने होकार दिला. तेवढा विश्वास परत मिळणं सोपं नसतं.

चार महिन्यांनी आम्ही शहराबाहेर गाड्यांच्या मोठ्या आवारात गेलो. रणरणती दुपार. कॅरॅव्हान ओळीने उभ्या. मी दारं तपासत होते, खिडक्या उघडतात का ते पाहत होते. मुंगी मात्र प्रत्येक गाडीत एकटी जायची, भिंतीला कान लावायची आणि बाहेर येऊन सांगायची, "हिच्यात कुणी नाही." पहिलीत नाही. दुसरीत नाही. तिसरीतही नाही. ताईने माझ्याकडे पाहिलं. कुणी असावं, असंच आम्हा दोघींना वाटत होतं.

चौथी पांढरीशुभ्र, कोरी. मुंगी आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. विक्रेता म्हणाला, "परवाच कारखान्यातून आली. सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. अजून कुणी आत बसलेलं नाही."

मुंगी पायरीवर आली.

"हिच्यात आहे."

"कोण गं?" मी खाली बसून विचारलं.

ती माझ्याकडे जरा नवलाने बघत राहिली. "तूच."

"मी तर इथे आहे ना..."

"आतपण आहेस. मागे बसलीयेस. केस ओले आहेत तुझे... सगळे."

विक्रेता हसला. "काय कल्पना असतात बघा पोरांच्या!" ताईला ऐकू गेलं नव्हतं. ती वकिलाला चाकांचे आकडे वाचून दाखवत होती. मी केसांना हात लावून पाहिला. उन्हाने तापलेले, कोरडे.

भीती वाटली का? वाटली. पण त्या क्षणी मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

"मुंगे," मी अगदी हळू म्हटलं, "तिला विचारून ये... तू आणि वकील, तुम्ही दोघं पाण्यातून बाहेर आलात का?"

मुंगी आत गेली. मी पायरी घट्ट धरून उभी राहिले. आतून कसलाही आवाज नव्हता. मग ती आली.

"हो म्हणाली. दोघंही. आणि हसली."

माझा श्वास सुटला. मनातल्या मनात मी कुणाचे तरी आभार मानले... कुणाचे, ते मला आजही सांगता येणार नाही.

"काय मग?" मागून ताईने हाक मारली. "हीच घ्यायची ना?"

मुंगीने माझा हात धरला. तिचा तळवा थंडगार होता, आणि मनगटापर्यंत ओला.