केशरी बेऱ्यांची वाट

मॅरिटची बोट नदीच्या मधोमध वाळूत रुतली, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की नशीब, कुणी पाहिलं नाही. दुसरा विचार यायच्या आतच वळणामागून इंजिनाची घरघर ऐकू आली.

"काय बाई, या वर्षी शाळा इथंच भरवणार का?"

वासिली! दुसरं कोण असणार? कुस्कोक्विम नदीच्या काठावरच्या त्या चिमुकल्या गावात शाळेचा बॉयलर तोच सांभाळायचा. गेले दोन हिवाळे तो तिच्या वर्गात येऊन हीटर ठोकून जात होता, आणि गेले दोन हिवाळे ती हीटर चांगला तापलेला असतानाही "अजून गारच वाटतंय हो" म्हणत होती. त्याला हे कळत होतं की नाही, देव जाणे. पण तो दर वेळी येत होता खरा.

"शाळा पुढच्या सोमवारी," मॅरिट ऐटीत म्हणाली. "आज सुट्टी आहे, म्हणून नदीत बसून सुका मासा खातेय. घेता?"

"समुद्राची भरती इथवर संध्याकाळी येईल. तोवर बोट हलायची नाही. मासा पुरेल?"

"पुरवून खाईन."

"आणि अस्वलाला वास लागला तर?"

"त्यालाही देईन. वाटून खायची सवय आहे मला."

वासिली हसला. हसला की त्याचे डोळे पार मिटून जायचे, आणि मॅरिटला ते पाहायला फार आवडायचं. मग तिची नजर त्याच्या बोटीत गेली. तिथे रिकाम्या बादल्या होत्या, एकीत एक घातलेल्या.

"बेऱ्या तोडायला निघालात?"

वासिलीचं हसू एकदम मावळलं. "नाही… असंच. फिरायला."

"बादल्या घेऊन फिरायला?"

आता मात्र तो पुरता अडकला. या गावात माणूस तुम्हाला आपलं घर उघडं टाकून देईल, अंगावरचा कोट काढून देईल, पण आपल्या घरच्या रानबेऱ्या कुठे पिकतात, ती जागा सांगणार नाही. सख्ख्या शेजाऱ्यालाही नाही. अन् मॅरिटला वाळूवर एकटं टाकून जाणंही त्याच्याच्यानं होईना. तो आभाळाकडे पाहत राहिला. बारीक पाऊस भुरभुरू लागला होता. शेवटी त्यानं गळ्यातला लाल रुमाल सोडला.

"डोळे बांधावे लागतील," तो ओशाळून म्हणाला. "आईची जागा आहे ती. रागावू नका…"

"रागावू कशाला? उलट मजा आहे!" असं म्हणून तिनं पाठ फिरवली. रुमालाला धुराचा आणि नदीचा वास होता. गाठ मारताना त्याची बोटं तिच्या केसांत क्षणभर घुटमळली… की तिलाच तसं वाटलं?

ती त्याच्या बोटीत बसली आणि बोट निघाली. वारा आधी तिच्या डाव्या गालावर आला, मग कपाळावर, मग उजव्या गालावर, मग पुन्हा डाव्या. मॅरिट मनातल्या मनात वळणं मोजत राहिली. गप्प बसणं तिला फार वेळ जमत नसे.

"वासिली, नदीतल्या या बेटाला तुझी तिसरी प्रदक्षिणा चालली आहे. पेट्रोल फुकट मिळतं का?"

इंजिनाच्या आवाजातही त्याचं हसू तिला ऐकू आलं. अहोजाहो कुठे गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

रुमाल सुटला तेव्हा टेकडीमागे टंड्रा पसरला होता, बिनझाडांचं सपाट रान. ओलं, मऊ शेवाळ, अन् त्यात जिकडे पाहावं तिकडे केशरी बेऱ्या. डास होते, पण वारा होता म्हणून निभावलं. दोघं ओणवी होऊन बेऱ्या तोडू लागली.

"गेल्या वर्षी तू मे महिन्यात घरी गेली होतीस," वासिली खाली पाहतच म्हणाला. "नॉर्थ डकोटाला. या वर्षी का नाही गेलीस?"

"तिकडे गहू आहे. गहू पाहून झाला माझा."

"तुम्ही टीचर लोक उलटे आहात. हंस निघून जातात तेव्हा तुम्ही येता, आणि हंस आले की तुम्ही निघता."

"आणि मी राहिले तर?"

त्यानं मूठभर बेऱ्या बादलीत टाकल्या. "लहानपणी माझ्या पहिलीतल्या बाई गेल्या तेव्हा मी विमानाच्या धावपट्टीवर जाऊन रडलो होतो. दुसरीतल्या गेल्या तेव्हा धावपट्टीवर गेलोच नाही. मग सवयच लागली… न जायची."

"राहशील का, असं मला विचारून तर पाहा."

वासिलीनं नाक आक्रसलं. इथली माणसं 'नाही' अशीच म्हणतात, तोंड न उघडता. 'हो' म्हणायचं असेल तर नुसत्या भुवया वर करतात. पहिल्या वर्षी मॅरिटनं वर्गाला विचारलं होतं, "समजलं का?" तर साऱ्या भुवया वर! मुलांना आश्चर्य कशाचं वाटतंय, या विचारात तिनं तोच धडा तीनदा शिकवला होता. आता मात्र तिला सगळं समजत होतं. हे आक्रसलेलं नाकही समजलं, आणि काळजात कुठंतरी टोचलं.

तेवढ्यात त्यानं हात पुढे करून तिच्या कपाळावरचा डास हलकेच उडवला. हात लगेच मागे घेतला नाही.

संध्याकाळी तो तिला, पुन्हा डोळे बांधूनच, वाळूपाशी घेऊन आला, आणि भरतीला तिची बोट तरंगली. निरोप घेताना तो म्हणाला, "जागेबद्दल कुणाला बोलू नकोस हं."

"एक शब्दही नाही. शिक्षिकेचा शब्द आहे."

तिनं शब्द पाळला. एक अक्षर बोलली नाही. पण घोटाळा व्हायचा तो झालाच.

आपल्या हातची पहिली शिकार, पहिला मासा, पहिल्या बेऱ्या स्वतः खायच्या नसतात. सगळ्या वाटून टाकायच्या, आधी वडीलधाऱ्यांना. हे मॅरिटला तिच्याच विद्यार्थ्यांनी शिकवलं होतं, आणि तिनं स्वतः तोडलेल्या या पहिल्याच बेऱ्या. दुसऱ्या दिवशी ती बादली घेऊन मोठ्या अभिमानानं घरोघर फिरली. शेवटी वासिलीच्या आईकडे, मात्रोनाबाईंकडे पोचली.

मात्रोनाबाईंनी एक बेरी तोंडात टाकली. चावली. दुसरी बोटांत धरून दाबून पाहिली. मग मॅरिटकडे पाहिलं… आणि मग आत हाक मारली.

"वासिली! बाहेर ये."

तो आला, बादली पाहिली, आणि त्याचे कान लाल झाले.

"गावभरच्या बेऱ्या मागच्या आठवड्यातच मऊ पडल्या," मात्रोनाबाई शांतपणे म्हणाल्या. "या अजून टणक आहेत. टेकडीच्या सावलीत उशिरा पिकतात, त्या एकाच जागी. माझ्या."

"मी काही बोलले नाही!" मॅरिट कळवळून म्हणाली.

"तू नाही गं. तुझ्या बेऱ्या बोलल्या."

"आई, मी तिचे डोळे बांधले होते," वासिली पुटपुटला.

"मग तर झालंच!" मात्रोनाबाईंनी कपाळावर हात मारला. "तुझ्या बापानं माझेही बांधले होते. जागा होती त्याच्या आईची. घरच्या सुनेशिवाय कुणाला दाखवायची नाही, असं त्यालाही बजावलं होतं."

मॅरिटला वाटलं, आता हा हसेल, डोळे मिटून. पण वासिली हसला नाही.

"आई, ती टीचर आहे. मे महिना आला की…" त्यानं वाक्य पुरं केलं नाही. टोपी उचलली आणि चालता झाला.

मॅरिटला राग आला. चांगला सणसणून आला, आणि रागाच्या खाली दुखलंही. मात्रोनाबाईंनी तिच्यापुढे वाडगा सरकवला. चरबी आणि साखर फेसून त्यात बेऱ्या कालवलेलं आकुतक होतं त्यात.

"खा पोरी. रिकाम्या पोटी रागावू नये."

मॅरिटनं वाडगा चाटूनपुसून संपवला. घरी जाताना मात्र ती म्हाताऱ्या एव्हनच्या दारात थांबली. ज्याची बोट तिनं उसनी घेतली होती, तोच हा एव्हन. तिथं ती बराच वेळ बोलत बसली.

सोमवारी शाळा उघडली. मुलं उन्हानं रापली होती आणि सगळ्यांना एकदम बोलायचं होतं. कुणी मासा पकडला होता, कुणी दात पाडून घेतला होता. मॅरिटनं खडू हातात घेतला, आणि वर्ग किती आपला वाटतो हे तिला नव्यानं जाणवलं. मधल्या सुट्टीत नुकताच विमानातून उतरलेला नवा शिक्षक तिच्याजवळ आला.

"इथं बेऱ्या खूप मिळतात म्हणे! चांगली जागा कुठली? तुम्हाला माहीत असेल ना?"

जवळच शिडीवर चढून वासिली दिवा बदलत होता. त्याचा हात थांबला.

"टंड्रा मोठा आहे," मॅरिट गोड हसून म्हणाली. "शोधा, सापडेल."

नवा शिक्षक गेला. मॅरिट शिडीखाली येऊन उभी राहिली.

"वर्गात गारठा आहे."

"ऑगस्ट महिना आहे," वासिली वरूनच म्हणाला. "हीटर बंद आहे."

"म्हणूनच गारठा आहे. शनिवारी रिकामा आहेस? तुला एक जागा दाखवायची आहे. माझ्या बोटीतून."

"एव्हनच्या बोटीतून."

"माझ्या. विकत घेतली त्याच्याकडून."

वासिलीच्या हातातला दिवा निसटता निसटता राहिला. "विकत?"

"रुमाल आण येताना. लाल."

शनिवारी पाऊस नव्हता. स्वच्छ, गार ऊन होतं आणि हंसांचे थवे एकत्र येऊ लागले होते. तिनं त्याचे डोळे घट्ट बांधले. तो गुडघ्यांवर हात ठेवून शहाण्या मुलासारखा बसून राहिला. मॅरिटनं बेटाला एकही फेरी मारली नाही. वाळूचा पट्टा सफाईनं टाळला, नदीच्या दुसऱ्या फाट्याला वळली, आणि थेट टेकडीखाली येऊन इंजिन बंद केलं.

पाणी बोटीला हलकेच थापट्या मारत होतं. वासिलीनं हवेचा वास घेतला.

"आईची जागा," तो हळूच म्हणाला. "तुला वाट माहीत होती?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग एकटी का नाही आलीस?"

"एकटीला बेऱ्या नको होत्या."

रुमालाखाली त्याचा चेहरा तिला पूर्ण दिसत नव्हता, पण त्यानं तो तिच्या आवाजाकडे वळवला. मे महिन्यात ती कुठं जाणार नव्हती, हे तिला वसंतापासून ठाऊक होतं. ते ह्यानं एकदा विचारावं, एवढंच हवं होतं.

"मॅरिट…" इतका वेळ लागला त्याला, की वरून हंसांचा एक थवा ओरडत निघून गेला. "राहशील?"

मॅरिटनं भुवया वर केल्या. अगदी इथल्यासारख्या, टोकापर्यंत. आणि मग तिच्या लक्षात आलं, की याचे डोळे बांधलेले आहेत!

ती हसली. रुमाल मात्र तिनं सोडला नाही. त्याचा हात हातात घेतला, त्याची खरबरीत, गार बोटं स्वतःच्या कपाळावर टेकवली… आणि पुन्हा एकदा, सावकाश, भुवया वर केल्या.