दारात अडकवलेला बूट

सेमिनरीची नियमावली, कलम दोन : बुधवारी सकाळच्या उपासनेला सर्वांनी हजर राहावे.

घंटा वाजत होती. सगळे चॅपेलमध्ये शिरत होते आणि तो एकटा उलट दिशेने पायऱ्या उतरत होता. ओले केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातांना भांड्यांच्या साबणाचा वास. मेसमधली भांडी घासायचं काम त्याच्याकडे होतं. सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेच्या, दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. सगळे त्याला लंबू म्हणत.

ती तिसऱ्या वर्षाची. उपासनेत पियानो तीच वाजवायची, हजेरीही तीच घ्यायची.

"चॅपेल इकडे आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर तिकडे चाललोय."

"गैरहजेरी लागेल हं."

"लावा ना. खरं तेच लिहा."

आणि शीळ घालत गेला. शीळ!

पुढचे दोन बुधवारही तेच. तिसऱ्या बाकाची कडेची जागा रिकामी... आणि तिची बोटं दोनदा चुकली. कुणाला भेटायला जातो हा? शिवाय आणखी एक. सेमिनरीतली प्रत्येक मुलगी त्याची ताई. ग्रंथालयात ताई, मेसमध्ये ताई. फक्त हिला कधीच नाही. हिनेच काय घोडं मारलं होतं त्याचं?

कलम सात : कुणाचा दोष दिसल्यास आधी त्या व्यक्तीशी एकांतात बोलावे. मगच वरिष्ठांकडे जावे.

ती मेसच्या दारापर्यंत दोनदा गेली, दोनदा मागे फिरली. एकटीने त्याच्यासमोर उभं राहायचं धाडस होईना. शेवटी तिने चिठ्ठी लिहिली आणि वॉर्डनबाईंच्या टेबलावर ठेवली.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आधी त्याच्याशी बोललीस ना?"

"हो, बाई."

कलम चार : खरे बोलावे.

(या कलमाखाली सांगण्यासारखं काही नाही. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, एवढंच.)

कलम दोन, पुन्हा : तीन गैरहजेऱ्या झाल्यास प्रवचनाची संधी जाईल.

शुक्रवारी फलकावर नवी यादी लागली. रविवारी लंबूचं पहिलं प्रवचन होतं. त्याच्या नावावर आडवी रेघ होती. तो फलकासमोर उभा होता, आणि नेमकी ती तिथे पोचली.

"बाईंनी विचारलं मला, तुम्ही माझ्याशी आधी बोलला होतात का म्हणून," तो हळूच म्हणाला.

"मग... तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, पायऱ्यांवर बोलणं झालं होतं. झालं होतं की! चॅपेल इकडे आहे म्हणालात."

तिची कानशिलं तापली. भांडला असता तर बरं झालं असतं. हा तर तिचं खोटं झाकत होता.

ती तशीच बाईंच्या खोलीत गेली. "बाई, मी खोटं बोलले. मी त्याला काहीच विचारलं नव्हतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "का?"

"एकांतात... म्हणजे कलम अकरा..."

"कलम अकरा दार उघडं ठेवायला सांगतं, बाळ. तोंड बंद ठेवायला नाही. महिनाभर पियानोला हात लावायचा नाही. आता जा, त्याला विचार, आणि खरं काय ते मला येऊन सांगा. त्याच्या प्रवचनाचं मग बघू."

कलम अकरा : मुलगा-मुलगी खोलीत दोघेच असल्यास दार उघडे असावे.

सरावाच्या खोलीच्या दाराला स्प्रिंग होती. उघडलं की आपोआप मिटायचं. त्याने एक बूट काढला आणि फटीत अडकवला.

"हं. बोला."

तिने सगळं सांगितलं. मेसचं दार, चिठ्ठी, ते "हो." मान वर होईना. "मला फार लाज वाटते रे."

"मलाही."

"तुला कसली?"

"तिसऱ्या बाकावरून पियानो दिसतो," तो म्हणाला. "पियानोवरचे हात... आणि मग हातांवरच थांबता येत नाही. सगळे डोळे मिटून प्रार्थना करतात, माझा एक डोळा उघडा. देवाला काय तोंड दाखवायचं? म्हणून सायकलींच्या शेडमध्ये जाऊन प्रार्थना करायचो. तिथे नुसत्या सायकली."

"आणि ती शीळ?"

"घाबरलो की घालतो."

तिला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही. "बाईंना का नाही सांगितलंस?"

"तुझं नाव आलं असतं."

तुझं. आजवर तुम्ही म्हणायचा.

"म्हणून मला कधी ताई नाही म्हणालास?"

"प्रयत्न केला होता. कलम चार आडवं आलं."

तिने डोळे पुसले. "हे बाईंना सांगावं लागेल. सगळं. तुझं प्रवचन..."

"हसतील त्या."

"हसू देत. दोघं मिळून जाऊ." मग अगदी हळू, "एक डोळा... माझाही शोधायचा. ती रिकामी जागा."

तो एका बुटावरच दाराकडे निघाला.

"बूट घाल आधी," ती म्हणाली.

"काढला तर दार मिटेल."

ती उठली, दाराला पाठ लावून उभी राहिली. "घाल. मी धरलंय."

नाडी बांधायला त्याला फार म्हणजे फारच वेळ लागला.